दादाने सांगितलेला सिनेमा

दि. ९ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिचे दोन्ही गाऊन शिवून झालेत, पार्सलने पाठवते. दिवाळीचे कपडे शिवायला आलेत, त्यामुळे दुकानात मान वर करायला फुरसत नाही.

तरी परवा रविवारी दुपारी सिनेमाला गेले. तुझ्या लाडक्या सिनेमाला. पन्नास वर्षं झाली म्हणून थिएटरात पुन्हा लावलाय. माझ्याकडे काजं-बटणं करणारी बाई हट्टच धरून बसली, "ताई, दुकानाचं नाव त्याच्यावरनं ठेवलंत आणि तुम्ही तो पाहिलाच नाही? चला!"

अगदी रद्दी सिनेमा आहे. रागावू नकोस, रागावलास तरी चालेल. लोक पडद्यावरच्या माणसाच्या आधी वाक्यं म्हणत होते आणि आपणच हसत होते. नायक तीनदा चिखलात पडतो, मालकाचा टोप दोनदा उडतो. यात एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे? आणि लांबवलाय किती! माझ्या हातात कात्री असती तर निम्मा कापला असता.

पण हे सांगायला मी पत्र लिहायला बसलेले नाही, एवढं तुला एव्हाना कळलं असेल.

दादा, लाली त्यात चार मिनिटं आहे.

मी आठ वर्षांची होते, तू बारा. माझ्या पायाला थिएटरचे जिने झेपायचे नाहीत म्हणून मला घरी ठेवून तुम्ही सगळे गेलात. परत आल्यावर मित्रांसमोर तू मला "ए लाली!" म्हणालास आणि ते खो खो हसले. मी विचारलं, लाली कोण? तेव्हा तू पलंगावर उभं राहून अख्खा सिनेमा करून दाखवलास. लाली म्हणजे बंगल्यातली सगळ्यात हुशार मोलकरीण. ती चोरांना कोठीच्या खोलीत कोंडते, मालकाला त्याच्याच खुर्चीला बांधते आणि शेवटी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सगळ्यांना बाहेर काढते. तो शेवट मी तुला किती वेळा करायला लावला असेल!

ते नाव मी मिरवलं. मैत्रिणींत मिरवलं, सासरी मिरवलं, नवराही मला तेच म्हणतो. बावीस वर्षांपूर्वी दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: लाली लेडीज टेलर्स. गिऱ्हाइकं पाटी वाचायची, मग माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, किती गोड माणसं आहेत. सिनेमा पाहायची मला कधी गरजच वाटली नाही. मला तो तोंडपाठ होता ना!

आता त्यात खरं काय आहे ते ऐक. एक मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येते. लंगडत. तिच्या प्रत्येक पावलाला मागे ढोल वाजतो. ती पडते, उठते, पुन्हा पडते. कप फुटतात. मालक तिच्यासारखं चालून दाखवतो. बस्स. पुढे ती दिसतच नाही.

आणि मी हसले, दादा. लिहायला लाज वाटते, पण सगळ्यांबरोबर मीही मोठ्याने हसले. मग मालकीण ओरडली, "लाली!"

शेजारी बसलेल्या काजं-बटणंवाल्या बाईने माझा हात धरला. म्हणाली, "मला आठवलंच नाही हो ताई, शपथ." मी उठून गेले नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, दिवे लागेपर्यंत किल्ल्यांची वाट बघत बसले.

टीव्हीवर तो सिनेमा लागला की आई मला नेमकी वाळत घातलेले कपडे आणायला पाठवायची. म्हणजे तिला माहीत होतं. नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "अगं, किती जुनी गोष्ट ती." म्हणजे त्यालाही. माझ्याशिवाय सगळ्या जगाला माहीत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. चिडवलंस याचा राग नाही. बारा वर्षांची मुलं चिडवतातच. पण ती गोष्ट तू का रचलीस? माझी दया आली म्हणून, की मी आईला सांगेन म्हणून? आणि पुढे पन्नास वर्षं, दर फोनला "काय लाली, बरी आहेस ना?" विचारताना तुझ्या डोळ्यांपुढे कोण असायची? किल्ल्यांवाली की ट्रेवाली? याचं मला सरळ उत्तर हवंय. वहिनीच्या हातात फोन द्यायचा नाही, हसण्यावारी न्यायचं नाही आणि "लहान होतो गं" तर मुळीच म्हणायचं नाही.

तुझा सिनेमा थिएटरातल्यापेक्षा कितीतरी चांगला होता. म्हणूनच जास्त संताप होतो.

पाटी रंगवणारा मंगळवारी येतोय. नवीन काय लिहायचं, असं त्याने विचारलं. मी माझं खरं नाव सांगितलं, तर माझ्याच कानाला ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटलं. तुला तरी ते आठवतं का? शाळेच्या दाखल्यावरचं? खाली मी मुद्दामच लिहीत नाही. आठवत असेल तर त्या नावाने मला हाक मार.

आठवत नसेल तर फोन करू नकोस.

तुझी,
धाकटी बहीण