रिव्हर्स नसलेली गाडी

प्रिय बारक्या,

आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग फोन करून काय ओरडायचं ते ओरड. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून ही लिहिण्याची उठाठेव. तर, हॉस्पिटलच्या खाटेवरून तू मला बजावलं होतंस की मोटरसायकल भंगारात देऊन टाक, ती मला पुन्हा दिसता कामा नये. मी हो म्हटलं. दिली मात्र नाही. अपघातात तिचं पुढचं चाक गेलं, टाकी चेपली, पण इंजिनाला साधा ओरखडा नव्हता. चांगलं इंजिन भंगारात देईल ती लोहाराची लेक कसली! तुझा शब्दही मोडला नाही हं. ती मोटरसायकल आता खरंच कुणाला दिसायची नाही. तिची मी चारचाकी गाडी केली आहे.

हॉस्पिटलमधून तू परस्पर मित्राच्या खोलीवर राहायला गेलास, त्याला वर्ष होत आलं. आपल्या घराला पायऱ्या आहेत म्हणे! त्या पायऱ्या मी रोज झाडते, मला कसल्या सांगतोस? तुझं नाव निघालं की आई जेवता जेवता ताट घेऊन उठते. तुझी खोली रोज पुसते आणि वर मला म्हणते, धूळ फार येते गं त्या खोलीत. मला चारचौघींसारखं रडता येत नाही. मला राग येतो, आणि राग आला की मी लोखंड कापायला घेते. तसंच एका रविवारी घेतलं.

मग काय, दिवसभर लोकांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या, संध्याकाळी ही गाडी. चौकट चौकोनी पाइपांची. स्टिअरिंग भंगारवाल्याशी भांडून आणलं, चाकं एका जुन्या टेम्पोची. सीट समोरच्या शिंपीकाकांनी शिवली, पण टोमणे मारत मारत. काय गं, फाटक करायला घेतलंस आणि त्यालाच चाकं लावलीस की काय, असं येता-जाता विचारायचे. मी म्हटलं, तुम्ही टाके नीट घाला, फाटकाचं मी बघते.

आता माझी फजिती ऐक. इंजिन सीटच्या मागे बसवलं. चेन आखूड पडत होती, म्हणून मी ते फिरवून उलटं बसवलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. पहिल्यांदा सुरू करायची म्हणून आई, शिंपीकाका, सगळे अंगणात. मी ऐटीत बसले, गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सुसाट मागे! आईने वाळत घातलेली चादर अंगावर घेऊनच थांबले. इंजिन उलटं तर चाकंही उलटी फिरणार, एवढी साधी गोष्ट मला कळू नये? शिंपीकाका म्हणाले, सगळेच्या सगळे गिअर मागे जायचे, अशी गाडी जगात दुसरी नसेल. आणि आई हसली रे! भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती महिन्यांनी तिचं हसू ऐकलं. त्या चुकीबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

इंजिन सुलटं केलं, तर आता ती फक्त पुढेच जाते. मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स असतो कुठे? मागे घ्यायची तर खाली उतरून ढकलायची. शिंपीकाका म्हणतात, गाडी अगदी तुझ्या स्वभावावर गेली आहे.

परवा तुझा तो मिशीवाला मेकॅनिक मुद्दाम बघायला आला. आधी खाली वाकून पेडलं शोधली त्याने. म्हणाला, ताई, क्लच आणि ॲक्सिलरेटर हातात, ते समजलं, मोटरसायकलचंच आहे. पण ब्रेकही हातात? गिअर पायाने टाकायचा, त्याला दांडा जोडून वर आणलात. किक काढून बटण बसवलंत. एवढा उपद्व्याप कशाला? मी म्हटलं, मला पेडल करता येत नाही, झालं? मग तो सीटवर बसला. बाजूचं दार रुंद ठेवलंय ते त्याने पाहिलं, कुबड्या अडकवायचा हूक पाहिला. जाताना ब्रेकची तार पुन्हा एकदा तपासून घट्ट करून गेला. चहालासुद्धा थांबला नाही.

बारक्या, डॉक्टरांनी तुझा पाय काढला त्या दिवशी तू म्हणालास, ताई, आता जन्मभर कुणाच्या तरी मागे बसायचं. मी एवढी तोंडाळ बाई, पण एक शब्द सुचला नाही. आता सुचलाय, तो अंगणात उभा आहे. वेल्डिंग जरा ओबडधोबड आहे, नावं ठेवायची नाहीत. रस्त्यावर न्यायला आपल्याला कुणी परवानगी देणार नाही, पण वर्कशॉपमागचं मैदान आपल्याला पुरे. मी ती फक्त पहिल्या गिअरमध्ये चालवली आहे. वरचे गिअर तुझ्यासाठी ठेवलेत. लिफाफा उघडताना बोटाला काही टोचलं असेल ना? ती तुझीच जुनी किल्ली. दुसरी नाही, आणि मी करूनही घेणार नाही. तू येईपर्यंत गाडी जागची हलायची नाही. राग आला तर किल्ली माझ्या तोंडावर फेक, पण इथे येऊन फेक, पोस्टाने पाठवू नकोस. मी शेजारी बसेन. मागे घ्यायची वेळ आली की उतरून ढकलेन.

तुझीच,
हाताचं ग्रीस या कागदालाही लावून बसलेली
ताई