शेपूट तुटलेला चार

प्रिय बाबा,

चांगल्या मनाने, सांगितलं तसं केलेलं काम खोटं ठरतं का? तीन दिवस विचार करतेय, उत्तर येत नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराने असं म्हणू नये, पण खरंच येत नाही.

बाकी मी मजेत आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. ज्या निवृत्त डॉक्टरांच्या संग्रहाची यादी करतेय, ते मला 'परीक्षक बाई' म्हणतात. त्यांच्याकडे सैन्यातली एकवीस जुनी रिव्हॉल्वरं आहेत, ती सगळी संग्रहालयाला द्यायची आहेत. नळी, सांगाडा आणि गोळ्यांचं फिरतं चक्र, तिन्हींवर कारखान्यात एकच आकडा ठोकलेला असतो. तिन्ही जुळले आणि तिन्ही एकाच वेळी ठोकलेले असले, तर शस्त्र मूळचं. तुम्ही म्हणायचात, पुस्तकं वाचून लोखंड कळत नाही. आता या बघायला! डॉक्टरांच्या सगळ्यात लाडक्या रिव्हॉल्वरच्या नळीवरच्या आकड्यांच्या कडा झिजून सपाट झाल्यात, चक्रावरच्या मात्र बोटाला लागतात. शिवाय भोवतीचं लोखंड किंचित खोलगट. म्हणजे तिथला जुना आकडा कानशीने घासून काढलाय. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग भिंगातून चार दिसला, शेपूट तुटलेला. तुमच्या आकड्यांच्या ठशांमधला, माझ्या शाळेच्या डब्यावर आणि तुमच्या पान्यांवर आहे, तोच.

मी नववीत असताना जुन्या वस्तूंचा तो दुकानदार वर्कशॉपमध्ये आला होता, आठवतं? "मिस्त्री, चक्र दुसरं बसवलंय, तेवढा आकडा जुळवून द्या, नीट दिसेल." तुम्ही जुना आकडा घासून, मोटारीच्या सुट्या भागांवर ठोकता तसा नवा ठोकून दिलात, आणि पुढे आठवडाभर 'लष्कराचं काम आलं होतं' म्हणून आमचे कान खाल्लेत. तुमच्या लेखी ती दुरुस्तीच होती.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ भिंगातून बघत बसले, मग हसत सुटले. "काय सुबक हात आहे गं तुझ्या बाबांचा! दहा वर्षं मला पत्ता लागू दिला नाही." मग हळूच म्हणाले, "चक्र नंतरचं आहे एवढंच लिही. आकडा कोणी ठोकला ते राहू दे, वडिलांचं नाव कशाला?"

मलाही तीच भीती वाटली. वर्कशॉपचं चाळीस वर्षांचं नाव आहे, लोक काहीही बोलतील. पण त्या दुकानदाराने अशी आणखी किती शस्त्रं विकली असतील? तोच चार उद्या दुसरीकडे सापडला, तर बघणाऱ्याला तो कुठून आला हे कळायला नको?

म्हणून हे पत्र. संग्रहालयाची माणसं पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. आठवतं ते सगळं सांगा, घाबरू नका. नोंदीत मी तुमचं नाव लिहिलंय, दुकानदाराने काय सांगून काम दिलं तेही. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही 'लिही' म्हणाला असतात, हे मला माहीत आहे. पण मग ती हिंमत तुमची झाली असती. काल दुपारी मी स्वतः संग्रहालयात जाऊन नोंद देऊन आले, खाली सही करून.

तुमचीच,
धाकटी