डाव्या कोपऱ्यातला डाग

२ जून, सोमवार
निर्णय झाला. जुना मॉनिटर जाणार. डाव्या कोपऱ्यात काळपट डाग पडलाय, अक्षरं पसरतात. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढायचे, संध्याकाळी मेव्हण्याबरोबर, म्हणजे मर्व्हबरोबर, गाड्यांच्या रेसचा गेम. दोन्हीला चालेल असा एकच मॉनिटर हवा. लोक घाईत घेतात आणि फसतात. मी अभ्यास करून घेणार.
नोलीनचं म्हणणं, आधी डोळे तपास, साखरवाल्यांनी दर वर्षी तपासायचे असतात, तू शेवटचा कधी गेला होतास? बायकोला म्हटलं, एका वेळी एकच प्रश्न हातात घ्यावा. शिवाय माझी साखर आटोक्यात आहे.
आज खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक दोन. छोटे होते.

५ जून, गुरुवार
आयपीएस जातीच्या पडद्याचा मॉनिटर घेतला. रंग खरे, कुठूनही बघा सारखाच दिसतो. कामाला उत्तम. दुकानातल्या शॉन्टेलला मीच चार गोष्टी शिकवल्या. ती म्हणाली, "काका, उद्यापासून तुम्हीच काउंटरला बसा." जाणकार माणूस लगेच ओळखू येतो.

८ जून, रविवार
मर्व्हशी रेस. प्रत्येक डाव्या वळणावर थेट भिंतीत. तो तिकडून, बर्नी गावाहून, हेडफोनमधून माझ्या कानात ओरडतोय, "दाजी, डोक्यावर बादली घालून बसलात काय!"
डाग या मॉनिटरलाही आहे. त्याच जागी. वाचून काढलं. आयपीएसच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो म्हणे. माझा डाग काळा आहे, पण तो तपशील झाला.

११ जून, बुधवार
बदलून दुसऱ्या जातीचा, व्हीए पडद्याचा आणला. वक्र. काळा रंग गडद, गेमला झकास. शॉन्टेलने आयपीएस लावून खूप वेळ निरखला. "काका, मला तर डाग दिसत नाही." तरुण मुलं. नजर तयार नसते.

१४ जून, शनिवार
ओट्याची सरळ रेघ मध्येच वाकते. वक्र पडदा, वाकणारच. मात्र दुपारपासून दाराची चौकटही वाकलेली दिसते आहे. पडद्याची सवय डोळ्यांना लागत असणार, उतरेल हळूहळू.
नोलीनला बोललो नाही. ती शाळेची बस चालवते, तिला यातलं कळत नाही. तिने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली आहे. बुधवारची. जाईन. शब्द दिलाय.

१८ जून, बुधवार
डॉक्टरकडे जाता आलं नाही. निघणार तोच साहेबांचा फोन, लिंडसेचा. माझ्या नकाशात तीनच्या जागी आठ पडलाय. त्या मापाने दगडी ओटा कापला गेला आणि आता तो बसत नाही. "कॉलिन, तू आकडे वाचतोस की अंदाज मारतोस?" मी शांतपणे समजावलं, व्हीएवर बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. "बरं बरं," तो म्हणाला. पटलं असावं. मग म्हणाला, सध्या नवीन काम पाठवत नाही, जरा विश्रांती घे. मनाने चांगला आहे.
वेळ मोकळाच होता, तेव्हा जाऊन तिसरी जात, ओलेड, घेऊन आलो.

२१ जून, शनिवार
ओलेड. काळा म्हणजे काळाच. आता हाच कायमचा. फक्त पडद्यावर काजळीचे धागे तरंगतात. पडद्याचा मेलेला ठिपका, म्हणजे पिक्सेल, जागचा हलत नाही असं सगळे लिहितात, माझे तर फिरतात. दोष नवाच दिसतोय. कंपनीला सविस्तर कळवलं. उद्या शोध लागला तर माझं नाव लागायला हरकत नाही.
जेवणानंतर शेगडीजवळ बसलो होतो. नोलीनने विचारलं, टीव्ही बघताना तू मान तिरकी का करतोस? म्हटलं, थंडीने आखडली आहे. इथे लॉन्सेस्टनला जून म्हणजे ऐन हिवाळा, कोणाची आखडत नाही? ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. बहुतेक.

२४ जून, मंगळवार
ओलेड परत करायला निघालो. खोका शेजारच्या सीटवर. गेटमधून गाडी मागे घेताना डावीकडे धप्प झालं. वाटलं, कचऱ्याचा डबा. मंगळवारी डबे बाहेरच असतात. म्हणून गाडी आणखी थोडी मागे घेतली.
मग डबा माझ्या नावाने ओरडला.

२७ जून, शुक्रवार
नोलीनचं मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. ती डबा आत ओढून आणत होती.
हॉस्पिटलच्या डॉक्टरने मला विचारलं, "त्या तुम्हाला दिसल्याच नाहीत?" मी सांगायला लागलो, ऊन तिरपं होतं, काचेवर दव होतं. त्याने मला उजवा डोळा हाताने झाकायला लावला. झाकला. समोर डॉक्टर उभा होता, त्याला डोकं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या इथले दिवे बरोबर नाहीत.
नोलीन खाटेवरून म्हणाली, "कॉलिन. पुरे."

९ जुलै, बुधवार
जाड पेनाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील.
डावा डोळा गेला. साखरेने आत रक्त उतरत होतं, ते धागे म्हणजे रक्त. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी आला असतात तर... आणि पुढचं वाक्य गिळलं. उजव्याला लेझर चालू आहे, किती वाचेल सांगत नाहीत. लिंडसेने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला. गाडीच्या किल्ल्या मर्व्ह घेऊन गेला. चेष्टा केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं.
ओलेड अजून खोक्यातच. आज नोलीनने पलंगावरून दुकानात फोन लावला, येऊन घेऊन जा म्हणून. पलीकडून शॉन्टेलने विचारलं असणार, बिघाड काय आहे. नोलीन थांबली. मला वाटलं, आता सांगेल सगळं. हक्क होता तिचा.
"बिघाड काही नाही गं," ती म्हणाली. "मॉनिटर चांगला आहे."
फोन ठेवून मला म्हणाली, चहा टाक, साखर नको. टाकला. कप भरला की नाही कळेना, म्हणून बोट घालून बघितलं.
भाजलं. भरला होता.