सत्काराची शाल आणि चार कोंबड्या

सिडको, नाशिक
८ जानेवारी २०२५

प्रिय मालन,

सप्रेम जय भीम. इकडे ठीक आहे. सायखेड्याला तुझी तब्येत बरी असेल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. काल तुझा भाऊ रावजी अंबडला कामावर जाताना डोकावला. दारातूनच म्हणाला, "भाऊजी, ताई म्हनती, तुमचं नाव काढायचं नाय. पन कोंबड्या कशा हायेत, तेवढं इचारून ये." तेव्हा हे पत्र फक्त कोंबड्यांबद्दल आहे.

थंडी कडाक्याची आहे. त्यांना पाणी कोमट करून देतो. मी जन्मात स्वतःचा चहा केला नाही, तुला माहीतच आहे. आता आधी त्यांचं पाणी, मग माझा चहा.

पहिला आठवडा चौघींनी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. मी दिसलो की खुराड्याच्या कोपऱ्यात. एका सकाळी फारच गारठा होता, म्हणून खुंटीवरचा तुझा तपकिरी स्वेटर चढवून बाहेर गेलो, तर चौघी पायात! ढवळी तर चपलेवरच बसली. तेव्हापासून रोज तुझा स्वेटर आणि तुझ्यासारखं बारीक आवाजात "ये, ती ती ती". परवा शेजारच्या कुसाबाईंनी मागून हाक मारली, "मालनताई, कधी आलात?" मी वळलो. बाई अजून आपल्या अंगणाकडे बघत नाहीत.

शिळी भाकरी गरम पाण्यात कुस्करून देतो, कोबीचा पाला देतो, संध्याकाळी मूठभर मका. आणि एक सांगायचं राहिलं. जाताना तू माझ्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला होतास. मी रागात होतो, हात लावणार नव्हतो. मग वाटलं, बाळंतिणीला चालतात, तर अंडी घालणाऱ्यांना का नाही? रोज एक लाडू, चौघींत वाटून.

अंडी बंद झाली. जनावरांचे डॉक्टर ढवळीला उचलून म्हणाले, "काका, ही फार लठ्ठ झालीय, हिला आधी पळवा." आता रोज सकाळी अंगणात मी पुढे, त्या मागे. शेवटचा लाडू मात्र मी खाल्ला.

खुराड्यावर पोतं होतं, त्यातून वारा लागायचा. म्हणून शाल टाकली. कुठली, ते विचारू नकोस.

बरं, सांगतो. सत्काराची. छत्तीस वर्षं कारखान्यात काढली म्हणून निवृत्तीच्या दिवशी मिळालेली. तिच्यावर ढवळीने घाण केली, आणि मी चार मित्रांसमोर ओरडलो, "ही बाई आणि हिच्या कोंबड्या, कोणीतरी घेऊन जा रे!" कोणी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आपल्या पायांनी गेलीस, आणि कोंबड्या मला ठेवून गेलीस.

मी छत्तीस वर्षं कामावर जायचो, तेव्हा तू दिवसभर कोणाशी बोलायचीस, हे मला आत्ता कळलं. मीही त्यांच्याशीच बोलतो. त्या मान वाकडी करून ऐकतात, पण तुझ्यासारखं उलट उत्तर देत नाहीत. फार सुनं वाटतं गं.

रविवारी त्याच चार मित्रांना चहाला बोलावलंय. बोललो त्यांच्यासमोर, तर माफीही त्यांच्यासमोरच मागणार. चहा मीच करणार आहे. तू आलीस तर तुझी माफी मागेन. नाही आलीस, तरी मागेन, ढवळीला समोर बसवून. पण तू ये. येताना लाडू आणू नकोस.

कोंबड्यांच्या लेखी मालन,
प्रत्यक्षात तुझाच,
भिकन