लाल गाडी आणि माझ्यावरचा आळ

१६ फेब्रुवारी १९५९, सोमवार
आज देऊळवाड्यापासून कुंभारमाठापर्यंत गाडी मी चालवली. हे शेजारी होते, पण स्टिअरिंगला एकदाही हात लावला नाही. चढावर गिअर बदलताना खर्रकन आवाज झाला. हे म्हणाले, "रडली बिचारी." मी म्हटलं, "तुमच्या दवाखान्यात रडतात तेवढं नाही."
९ मार्चला कोल्हापूरला लायसनची परीक्षा. हीच एक गाडी मला येते, लाल, दोनच माणसांची, वर टप नसलेली. बेळगावचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा ह्यांनी घेतली. गाव म्हणतो, डॉक्टरांची बिनटोपीची गाडी. म्हणू देत.

१७ फेब्रु.
कुडाळच्या एजन्सीचा माणूस सर्व्हिसिंगसाठी गाडी घेऊन गेला. हे दवाखान्यात, त्यामुळे किल्ली मीच दिली. जाताना उन्हात काय चकाकत होती! चार दिवस करमायचं नाही.

२१ फेब्रु., शनि.
आम्ही दोघं एस.टी.ने कुडाळला. गाडी पाहिली. डावा मडगार्ड चेपलेला, एक दिवा फुटलेला, दार लागेना.
मॅनेजर पेडणेकर. कडक इस्त्री, शुद्ध मराठी. "गाडी अशीच आली होती, डॉक्टर." मग माझ्याकडे न बघता, "मिसेस शिकताहेत असं ऐकलं."
मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. वही चांगली आहे.
पण एक लिहिते. तो तसं म्हणाला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धाच क्षण. मग त्याच्यावर ओरडले, खूप ओरडले. तरी तो अर्धा क्षण मी पाहिला.

२४ फेब्रु.
गावभर झालं. मासळीवाली दारात, "वैनीनू, गाडी खंय आपटलास?" म्हटलं, "तुझ्या पाटीवर." खो खो हसली, एक बांगडा जास्त टाकून गेली. चला, बदनामीचा तेवढा तरी फायदा.
दुपारी एजन्सीतून पे.चं पत्र. 'सदर वाहन नादुरुस्त स्थितीतच ताब्यात आले. चालविणाऱ्या व्यक्तीचा अननुभव पाहता...' खाली सही केली तर लगेच दुरुस्त करून देतील म्हणे.
हे म्हणाले, "करून टाकू का? परीक्षा तरी हुकणार नाही."
म्हटलं, "मी गाडी आपटली असं लिहिलेल्या कागदावर सही करून मिळणारं लायसन मला नको." मग भात वाढला. जरा जोरातच.

२८ फेब्रु.
गाडी नाही तर नाही. माजघरात खुर्ची, पायाखाली दोन पाट, एक क्लच, एक ब्रेक. हातात परात. हे दारातून, "हॉर्न दे, मांजर आडवं आलं." दिला, तोंडाने. मांजर पळालं. दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.
तरी हे विचारत नाहीत, गाडी तुझ्याकडून आपटली का म्हणून. मी सांगत नाही. विचारल्याशिवाय काय म्हणून सांगायचं?

३ मार्च, मंगळ.
आज जे झालं ते सगळं लिहिते, हात दुखला तरी.
पुन्हा दोघं कुडाळला. बरोबर आबा गांवकर, ह्यांचे जुने पेशंट. गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात, आणि दर मागण्याला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. वय ऐंशीच्या घरात, आवाज समुद्रापलीकडे जाईल असा.
एजन्सीत नवा ट्रक आलेला. हार, नारळ, सगळे मेस्त्री हात जोडून उभे, पण गाऱ्हाणं घालणारा आलाच नव्हता. पे. घामाघूम. आबांना पाहून शुद्ध मराठी कुठल्या कुठे, "आबानू, देवासारखे इलास! तुमीच घाला."
आबांनी नारळ घेतला, डोळे मिटले.
"बा देवा महाराजा! ह्यो नवो ट्रक तुझ्या पायाकडे उभो आसा, तेका यश दी रे महाराजा!"
"व्हय महाराजा!" सगळे.
"तेच्या डायवराची वाटेत राखण कर रे महाराजा!"
"व्हय महाराजा!"
"तशीच ह्या बायची गाडी हयच्या माणसांनी भायर फिरवल्यानी, आंब्याक ठोकल्यानी, नि आळ बायवर घातल्यानी, तो आळ आज हयच्या हय दूर कर रे महाराजा!"
"व्हय महाराजा!!" सगळे. सगळ्यांत मोठ्याने पेडणेकर.
मग काय म्हटलं ते कळलं. पे.चं तोंड उघडंच राहिलं. लहानपणापासूनची सवय, जीभ थांबते थोडीच!
आणि तेवढ्यात म्हातारा हेडमेस्त्री हळूच म्हणाला, "आबानू, आंब्याक नाय, फणसाक. देवाक खोटा कशाक सांगूचा?"
मी पदर तोंडात धरला. हे ट्रकला टेकून हसत सुटले. मग मेस्त्री हसले, मग आबा, शेवटी पे.सुद्धा, डोळे पुसत. म्हणाला, "बाई, चुकलो. हौसेन मीच भायर काढलंय. अशी गाडी परत कधी मेळतली?" खरं सांगते, मला त्याचा राग येईना. त्या गाडीला पाहून कुणाचीही मती फिरेल.
आबांना विचारलं, "तुम्हांला कसं कळलं?" म्हणाले, "माका खंय कळला? मी देवाक सांगलंय, ह्येनी मान्य केल्यानी."

७ मार्च, शनि.
गाडी आली. पे. स्वतः घेऊन आला, बाजारातून मुद्दाम दोन फेऱ्या मारून, आणि विचारील त्याला सांगत, "माझी चूक, बाईंची नाय." कागदावर मात्र माफी अजून नाही. बघू.
जेवताना हे मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी एजन्सीत, मला क्षणभर वाटलं होतं..."
"ठाऊक आहे."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही बोलायची वाट बघत होते."
मी त्यांना आणखी भात वाढला, या वेळी हळू. मला रडू आलं, बरंही वाटलं. माफ केलं का, ते त्यांनी विचारलं नाही आणि माझं मलाही नक्की कळलेलं नाही.
उद्या पहाटे कोल्हापूर, मी चालवणार. पास होते की नापास, परवा कळेल. हात धुताना हे म्हणाले, "मी उद्या शेजारी बसून झोप काढणार आहे."
"फोंडाघाटात?"
म्हणाले, "घाटातच."