नवाबाचा उपास

ता. ९ नोव्हेंबर
दुकानातून

चि. ठकूस काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. काकू गुडघ्याची कुरकुर करते आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत. घड्याळं दुरुस्तीला कमी येतात, सेल बदलायला जास्त. तुझा फायटर मासा, नवाब, सुखरूप आहे, हे आधी नीट वाच आणि मगच पुढे जा. मध्ये आजारी होता. आता नाही. मी हातात घेतलेलं काम सहसा बिघडत नाही, हे तुला माहीत आहेच.

झालं असं की, गेल्या सोमवारी काउंटरवरच्या टाकीत पाहिलं, तर नवाबाच्या पोटाचा नगारा झालेला. एका कुशीवर तरंगत होता. खाली जायची धडपड करी आणि बुचासारखा पुन्हा वर येई. डोळ्याला भिंग लावून पुन्हा पाहिलं, तरी तेच. शिकायला जाताना तू एवढी एकच गोष्ट आमच्या हवाली केली होतीस.

बरणीत घालून त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बरणी तुझ्या बाबांनी छातीशी धरली, शटर मी ओढलं.

"खवले उभे राहिलेले नाहीत, म्हणजे आशा आहे," बाई म्हणाल्या. "पोट तुंबलंय. खायला किती घालता?"

"सकाळी तीन दाणे," मी म्हणालो.

"संध्याकाळी चार," तुझे बाबा बाईंकडे बघत म्हणाले. "आणि दुपारी दोन."

"दुपारी तर मीही दोन घालतो!"

बाईंनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. "एकाच दुकानात बसता ना? मग एकमेकांना विचारत नाही?"

आता तुला सांगूनच टाकतो. तू गेल्यापासून दादा माझ्याशी बोलत नव्हता. तुझ्या प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून सही मी ठोकली, तीही त्याला न विचारता. चार महिने आम्ही समोरासमोर बसून घड्याळं उघडली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. बारीक चिमटा हवा असला तरी चिठ्ठी सरकवायची. तुझी आठवण आली की मात्र दोघेही माशाला चारायचो. अति तिथे माती म्हणतात, ती त्या बिचाऱ्याच्या पोटात गेली. सहीचा मला पश्चात्ताप नाही. लपवाछपवीचा आहे.

बाईंनी तीन दिवस कडक उपास सांगितला. पाणी कोमट आणि टाकीत कमी, म्हणजे श्वासासाठी वर यायला त्याला कष्ट नकोत. शिवाय बाईंनी मोजून दिलेल्या एप्सम मिठाच्या पाण्यात रोज दहा मिनिटं. वेळ मोजायला आमच्याकडे घड्याळांना काय तोटा! तरी दादाने आपलं वेगळं लावलंच.

चौथ्या दिवशी सकाळी मी एका गिऱ्हाइकाचा पट्टा बदलत होतो, तर दादा ओरडला, "अरे, केली! शी केली त्याने! इकडे ये लवकर!" गिऱ्हाईक दचकलं. मी धावलो, दोघे एकदम वाकलो आणि डोकी आपटली.

"लहानपणापासून तुझं डोकं मध्ये येतं," दादा कपाळ चोळत म्हणाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नवाब आता सरळ पोहतो आणि काचेतल्या स्वतःवरच कल्ले फुगवतो. दिवसाला चार दाणे, आठवड्यातून एक उपास. घालणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, "घातलं रे!"

एक कबुली राहिली. आजवरच्या माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'बाबांचे आशीर्वाद' असायचे, ते मी मनानेच लिहीत होतो. आज त्याला विचारलं, "तुझे आशीर्वाद लिहू का?" तर म्हणाला, "माझं मी लिहीन. तू जागा सोड."

ती सोडून इथेच थांबतो.

तुझा
काका

ठकू, सही मी करायला हवी होती. सुट्टी लागली की ये. स्टेशनवर मी येईन.
बाबा