सुकलेल्या बोरिंगमधला खडा

मंगळवार, दिवेलागण

आज मामा मोरीचं पाणी अंगणातल्या सुकलेल्या बोरिंगमध्ये सोडणार होता. पाइप मी धरलेला. सहज आत खडा टाकला, तर आवाजच नाही. कुठे गेला?

म्हटलं, "मामा, शेजारच्या काकू त्यांच्या बोरिंगचं पाणी पितात. खाली काय भिंत आहे?"

"अरे भिया," इथे भावाला म्हणतात तसं मामा म्हणाला, "जमीन सगळं गाळते!"

"मग पहिला ग्लास तूच पी."

मामा हसला, मग पाइप बाजूला ओढला. झाकण घट्ट बसवून म्हणाला, "सीवर लाइन येईपर्यंत बादल्या भरून झाडांना तूच घाल, इंजिनिअरसाहेब."

घालेन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात टिकलो इथे तर.

आत्ता काकूंकडे पाणी प्यायलो. गोड होतं. तो खडा मात्र अजून खाली जातोय असंच वाटतं.